किल्ली काढली तरी इंजिन चालूच!

थर्मलच्या ओरलला सरांनी "व्हॅक्यूम म्हणजे काय?" असं विचारलं की आपण सगळे एका सुरात "वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाब" असं सांगून मोकळे होतो. मीही तेच सांगून पास झालो होतो. पण या उत्तराचा खरा अर्थ मला कळला तो कोल्हापुरात, मामांच्या अंगणात, विटांच्या ढिगाऱ्यासमोर. त्याचीच ही गोष्ट. यात पराक्रम कमी आणि चुका जास्त आहेत, हे आधीच कबूल करतो.

मामांकडे १९८१ सालची मर्सिडीज २४० डी आहे. आजोबांनी ती मुंबईहून सेकंडहँड आणलेली. आजोबा गेल्यावर गाडी शेडमध्ये गेली आणि अकरा वर्षं तिथेच राहिली. गेल्या वर्षी मामांनी मनावर घेतलं. आजीला एकदा याच गाडीतून जोतिबाला न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पेंटरने रंगासाठी इंजिनच्या आजूबाजूचं सगळं मोकळं केलं. गाडी आरशासारखी चमकायला लागली आणि सोबत एक गोणपाटाचं पोतं आलं. पोत्यात होत्या नळ्या! बारीक, कडक प्लॅस्टिकच्या, रंगीबेरंगी. टोकाला चिरा गेलेले रबराचे तुकडे. कुठली नळी कुठून काढली, याचा ना कागद, ना फोटो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा रूममेट तिथे पोचलो. मामा म्हणाले, "तुम्ही इंजिनियर ना? मग लावा की." मग काय! दोन थर्ड इयर मेकॅनिकल आणि एक पोतं.

डिझेलला व्हॅक्यूम लागतोच कशाला?

इथे थोडी थिअरी. पेट्रोलच्या गाडीत कार्बोरेटरच्या थ्रॉटलची चकती हवा अडवते. पिस्टन खाली ओढतो, वरून हवा नीट येत नाही, त्यामुळे इनलेट मॅनिफोल्डमध्ये आयता व्हॅक्यूम तयार होतो. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनात आयडलला तो साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर पारा एवढा असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे तिथे तोच गेज जवळपास ५० मिलिमीटर कमी दाखवतो. इंजिन बिघडलं म्हणून घाबरायचं कारण नाही, हवाच पातळ असते.

डिझेलमध्ये वेग कमी-जास्त होतो तो हवा अडवून नाही, तर डिझेल कमी-जास्त सोडून. मामांच्या गाडीसारख्या बहुतेक डिझेल इंजिनांत थ्रॉटलची चकतीच नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये फुकटचा व्हॅक्यूमही नसतो. मग इंजिनच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो.

आता हा व्हॅक्यूम जातो कुठे? या गाडीत मुख्य कामं तीन. पहिलं, ब्रेकचा बूस्टर. समजा बूस्टरच्या डायफ्रामचा व्यास २३ सेंटिमीटर आहे आणि दोन्ही बाजूंच्या दाबात ०.७ बारचा फरक आहे. गणित करून बघा, सुमारे २९०० न्यूटन येतात, म्हणजे जवळपास ३०० किलो वजनाएवढं बळ! आपल्या पायाला मदत करायला कोपऱ्यात तीन-चार पैलवान बसलेत असं समजा.

दुसरं काम म्हणजे दारांची कुलुपं. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली फिरवली की बाकीची कुलुपं व्हॅक्यूमवर लागतात.

तिसरं काम सगळ्यात गमतीचं. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, त्यामुळे करंट तोडून ते बंद होत नाही. डिझेलच तोडावं लागतं. जुन्या ट्रॅक्टरला त्यासाठी ओढायची मूठ असते. मर्सिडीजने हे काम किल्लीला दिलं. किल्लीच्या कुलपामागे एक छोटा व्हॉल्व्ह असतो. किल्ली बंद केली की तो व्हॅक्यूम सोडतो, तो फ्युएल इंजेक्शन पंपाच्या मागच्या डायफ्रामला ओढतो, डायफ्राम रॅकला ओढतो, डिझेल बंद, इंजिन बंद. किल्ली चालू स्थितीत असली की हाच व्हॉल्व्ह त्या नळीत बाहेरची हवा सोडतो, म्हणजे डायफ्राम मोकळा.

एवढं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ यावरच आहे.

चूक पहिली : सुरू होते आणि मरते

पोत्यातल्या कडक नळ्या बऱ्याच शाबूत होत्या, पण जोडणीचे रबर गेलेले. आम्ही माशांच्या टाकीची पारदर्शक नळी आणली, तुकडे केले आणि "लॉजिक"ने लावत सुटलो. जिथे तोंड दिसेल आणि लांबी पुरेल, तिथे नळी!

सेल मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मामींनी नारळ फोडला. पाच-सहा सेकंदांत इंजिन गपकन बंद. पुन्हा सेल, पुन्हा तेच. आम्ही दोघांनी एकमताने निदान केलं : डिझेल पोचत नाही, लाइनमध्ये हवा आहे. पुढचे दोन दिवस फिल्टर बदलणं, हवा काढणं, टाकी साफ करणं यात गेले. हाताला डिझेलचा वास इतका मुरला की मामी फराळाचं ताट लांबूनच सरकवायच्या.

तिसऱ्या दिवशी उद्यमनगरातले वस्ताद आले. चाळीस वर्षं हाच धंदा. त्यांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग इंजेक्शन पंपाच्या मागची तपकिरी नळी उपटून काढली आणि म्हणाले, "मार आता सेल." इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं!

"काय रं इंजिनियर, गाडीचा गळा तूच दाबून धरलायस की!"

झालं असं होतं की किल्लीकडून यायची तपकिरी नळी आम्ही कुलुपांच्या फाट्यावर लावली होती, तिथे कायम व्हॅक्यूम असतो. आणि कुलुपांची पिवळी नळी किल्लीच्या व्हॉल्व्हला. म्हणजे इंजिन सुरू झालं की पंप व्हॅक्यूम तयार करायचा आणि तोच व्हॅक्यूम काही सेकंदांत इंजिन बंद करायचा. बिघाड डिझेलचा नव्हताच.

चूक दुसरी : बंदच होईना

मग आम्ही दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली. इंजिन मस्त चालू. मामांनी ऐटीत किल्ली बंद केली. इंजिन चालूच! मामांनी किल्ली काढून हातात धरली. तरी चालूच! मामी दारातून ओरडल्या, "अहो, भूतबीत शिरलं का काय गाडीत?"

वस्तादांनी बॉनेट उघडून इंजिनवरची "स्टॉप" लिहिलेली पट्टी दाबली तेव्हा ते थांबलं. असल्या वेळेसाठीच ती तिथे दिलेली असते. अशी गाडी कधी वापरलीत तर ती कुठे आहे, हे आधी पाहून ठेवा.

कारण काय? आता नळ्या बरोबर जागी होत्या, पण दारांमधलं अकरा वर्षांचं रबर फुटलेलं. कुलुपांची नळी कायमच्या व्हॅक्यूमवर आल्यामुळे तिथून हवा आत येत होती आणि किल्लीच्या वाट्याला पुरेसा व्हॅक्यूम उरत नव्हता. हॉस्टेलच्या खालच्या मजल्यावरचे नळ उघडे राहिले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसंच. आधीच्या उलट्या जोडणीत ही गळती लपली होती, कारण इंजिन चालू असताना कुलुपांकडे व्हॅक्यूम जातच नव्हता. एक चूक दुसरीला झाकत होती!

खात्री करायची रीत सोपी. इंजिनजवळच पिवळी नळी काढून ते तोंड घट्ट बंद करायचं. आता किल्लीने इंजिन बंद झालं, तर दोष कुलुपांच्या बाजूला. आम्ही तसं केलं आणि इंजिन किल्लीने थांबलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

चूक तिसरी : हसण्यावारी न्यायची नाही ती

मामा म्हणाले, अंगणातच एक चक्कर मारतो. गाडी निघाली, वळली आणि फाटकाकडच्या उतारावर सरळ जाऊन विटांच्या ढिगाला टेकली. वेग चालण्याएवढाच होता. बंपरला पोचा आला, बाकी कुणाला काही झालं नाही. मामा खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ब्रेक दगडासारखा लागला. दाबला, पण गाडी थांबेना."

बूस्टरच्या जाड नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, आपला एनआरव्ही. हवा बूस्टरकडून पंपाकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमध्ये एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता व्हॅक्यूम साठून राहतो तो याच्यामुळे. जुना तुटला होता म्हणून मी दुसऱ्या गाडीचा, दोन्ही टोकं सारखी असलेला आणला होता. आणि उलटा बसवला होता. मीच. बाण न बघता. पंप ओढत होता, पण बूस्टरमधली हवा बाहेर पडायला वाटच नव्हती.

बूस्टर नसला तरी ब्रेक लागतो, फक्त पायात तीन-चार पैलवानांचं बळ हवं. हे माहीत असलेला माणूस दोन्ही पायांनी दाबेल; ज्याला माहीत नाही तो पहिल्या क्षणी गोंधळतो. अंगणात होतो म्हणून विटांवर निभावलं. दोन दिवसांनी हीच गाडी आजीला घेऊन जोतिबाचा घाट उतरणार होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी वस्तादांनी गाडीला हात लावायला नकार दिला. म्हणाले, "आधी कागुद आण. चित्र काढ. प्रत्येक नळी कुठनं येती, कुठं जाती आन् कशाला जाती, तिन्ही लिवल्याबिगर नळी लावायची न्हाई."

मग बरोबर मार्ग शोधायचा कसा?

पुढचे दोन दिवस आम्ही जे केलं, ते कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

एक : गाडीची ओळख पटवा. नुसतं "२४० डी" पुरत नाही. चासी नंबरमधला प्रकार १२३.१२३, इंजिनचा ६१६.९१२, साल, गिअरबॉक्स आणि मुख्य म्हणजे गाडी कुठल्या देशासाठी बनली, हे सगळं हवं. रूममेटने मोठ्या उत्साहाने मॅन्युअल मिळवलं होतं, पण ते अमेरिकेचं. तिथल्या कडक प्रदूषण नियमांमुळे त्या गाड्यांना जळालेला वायू परत इंजिनात सोडणारी ईजीआर यंत्रणा आणि तिच्या जास्तीच्या नळ्या होत्या. आम्ही अर्धा दिवस आमच्या गाडीत नसलेलं तोंड शोधत बसलो! शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असला तर त्यालाही एक व्हॅक्यूमची नळी जाते. आमची गाडी चार गिअरची मॅन्युअल, म्हणजे तीही नाही.

दोन : गाडीवरच लिहिलेलं वाचा. सत्तरच्या दशकानंतरच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या बॉनेटखाली व्हॅक्यूम नळ्यांच्या नकाशाचं स्टिकर असतं. रंगवण्याआधी त्याचा फोटो काढा, पेंटरच्या पॉलिश पेपरला ते एका मिनिटात बळी पडतं. या मर्सिडीजमध्ये रंगच बोलतात. तपकिरी कुटुंब इंजिन बंद करण्याचं, पिवळं कुटुंब कुलुपांचं. आम्ही पोतं ओतून आधी रंगांचे ढीग केले असते, तर पहिली चूक झालीच नसती.

तीन : जुन्या खुणा बघा. नळी जिथे वर्षानुवर्षं घासली तिथे चकाकी असते, क्लिपच्या जागी खोबण असते, वाकण्याची सवय लागलेली असते. लांबी आणि आतला व्यासही सांगतात. जाड नळी बूस्टरची, ती दुसरीकडे बसणारच नाही.

चार : न उघडलेली तशीच गाडी बघा. सांगलीच्या एका डॉक्टरांकडे होती. त्यांनी आनंदाने बॉनेट उघडलं आणि आम्ही फोटो काढले. पण तीही कुणीतरी मधे उघडलेली असू शकते. म्हणून आमचा नियम असा की एका साक्षीवर नळी लावायची नाही. मॅन्युअल, खुणा आणि दुसरी गाडी, यांतल्या निदान दोघांचं एकमत हवं.

पाच : चित्र काढा. कुठून, कुठे आणि कशाला. उगम (पंप), अडवणारे-सोडणारे (किल्लीचा व्हॉल्व्ह, एनआरव्ही) आणि वापरणारे (बूस्टर, कुलुपं, डायफ्राम). प्रत्येक नळीला स्वतःशी विचारायचं : इथे व्हॅक्यूम कायम हवा की कधीकधी? नेमका कधी? या एका प्रश्नाने आमच्या पहिल्या दोन्ही चुका कागदावरच सापडल्या. सर्किट डायग्राम काढतो तसंच हे, फक्त व्होल्टच्या जागी व्हॅक्यूम.

सहा : प्रत्येक फाटा वेगळा तपासा. हाताचा व्हॅक्यूम पंप असला तर उत्तम. आमच्याकडे नव्हता. आम्ही जनावरांच्या दवाखान्यातून मोठी सिरिंज आणली. नळीला जोडायची, दट्ट्या ओढून मिनिटभर धरायचा आणि सोडायचा. गळती नसेल तर दट्ट्या परत आत खेचला जातो, असेल तर बाहेरच राहतो. एका दाराचं रबर असंच सापडलं. तपकिरी नळीत तेल दिसलं तर समजा की इंजेक्शन पंपावरचा डायफ्राम फाटलाय. आमच्या नशिबाने नळी कोरडी होती.

सात : नळी नळीसारखी घ्या. माशांच्या टाकीची नळी गरम इंजिनवर मऊ पडून आतल्या आत चिकटते, कारण इथे दाब बाहेरून असतो. व्हॅक्यूमची नळी जाड भिंतीचीच हवी.

पेट्रोलची गाडी असेल तर

आपल्यापैकी कुणाच्या घरी पद्मिनी किंवा कार्बोरेटरची जुनी मारुती असेल, तर एक गोष्ट जास्तीची. कार्बोरेटरवर सारखीच दिसणारी तोंडं असतात, पण व्हॅक्यूम वेगवेगळा. थ्रॉटलच्या चकतीखालच्या तोंडाला आयडललाच जोरात ओढ असते. चकतीच्या जरा वरच्या तोंडाला आयडलला ओढ जवळपास नसते, थ्रॉटल थोडा उघडल्यावर ती येते. ओळखायला बोट पुरतं : इंजिन आयडलला ठेवा, पंखा-पट्ट्यापासून हात आणि बाही सांभाळून तोंडावर बोट ठेवा. ब्रेकच्या बूस्टरला पहिला प्रकार हवा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सला पुष्कळ गाड्यांत दुसरा असतो, पण सगळ्यांत नाही, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. चुकीच्या तोंडावर लावली तर गाडी चालते, पण आयडल आणि टायमिंगचा मेळ बसत नाही आणि आपण बिचाऱ्या कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो. उघडं राहिलेलं तोंड जास्तीची हवा आत घेतं, मिश्रण पातळ होतं आणि आयडल वर-खाली होत राहतो.

आणि शेवटची परीक्षा

बूस्टर असलेल्या कुठल्याही गाडीला ही चाचणी करता येते. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. आता पाय दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. मग मिनिटभर चालवून इंजिन बंद करा, थोडं थांबा आणि ब्रेक दाबा. पहिले एक-दोन वेळा पेडल मऊ लागलं पाहिजे. लगेच कडक लागलं, तर एनआरव्ही किंवा नळी गळतेय. दोन मिनिटांचं काम. मी ते अंगणात चक्कर मारण्याआधी केलं असतं, तर बंपर शाबूत राहिला असता.

आम्ही ही चाचणी केली. एकदा नाही, दहा वेळा. वस्तादांनी स्वतः गाडी बाहेर काढली, उतारावर नेली, थांबवली, परत आणली आणि काही न बोलता किल्ली मामांच्या हातात दिली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आजी पुढच्या सीटवर बसून जोतिबाला गेली. मी मागे बसलो होतो आणि डोंगरावरून उतरताना सगळा वेळ मामांच्या उजव्या पायाकडे बघत होतो. घरी आल्यावर मामांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्प. आजीला आमचे सगळे पराक्रम कळले होतेच. ती म्हणाली, "झाली व्हय बंद? बरं झालं बाबा. न्हाईतर रातभर अशीच बोलत बसली असती."

आमचं चित्र आता लॅमिनेट करून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावलंय. खाली मामांनी पेनने लिहिलंय : "पेंटरने आधी हे वाचावे."

ता. क. : ती मोठी सिरिंज अजून माझ्या रूमवर आहे. कुणाला गाडी तपासायला हवी असेल तर घेऊन जा. मेसमध्ये होळीला वापरणाऱ्यांनी मात्र येऊ नये!